ते लोखंड

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच शब्द लिहिते. लोखंड. शेजारी रशियन लिपीत त्याचा रशियन शब्द, उच्चार 'झिल्येझा'. मग विचारते, "तो लोखंड, ती लोखंड की ते लोखंड?" वर्गात मराठी घरातलं एखादं मूल असलं की ते विचारसुद्धा न करता 'ते' म्हणतं. हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारी मुलं त्याच्याकडे वळून बघतात, कारण हिंदीत लोहा पुल्लिंगी, आणि तिसरं लिंग त्यांनी फक्त संस्कृतच्या तासाला पाहिलेलं. रशियनमध्ये लोखंड नपुंसकलिंगी आहे. सोनं, दूध, मांस, पत्र आणि नभ हे शब्दही तिकडे नपुंसकलिंगीच: झोलता, मलाको, म्यासा, पिस्मो, न्येबा. सगळेच शब्द असे जुळत नाहीत. समुद्र तिकडे नपुंसकलिंगी होतो आणि पोलाद स्त्रीलिंगी. पण पहिल्या दिवसाला एवढे सहा शब्द पुरतात. घाबरून आलेलं पोर घरी जाताना रशियन भाषा आपल्या ओळखीतली आहे असं समजून जातं.

लोखंडापासून सुरुवात करायची ती हा वर्ग भिलईत भरतो म्हणून.

मी मूळची पुण्याची. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी इमारतीत रशियन शिकले. पुढे दहा महिने मॉस्कोच्या पुश्किन संस्थेत, परदेशी शिक्षकांसाठीच्या वर्गात होते. 1988 साली लग्न होऊन भिलईला आले. यजमान इथल्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होते. ते निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आम्ही जुनवानीत घर बांधलं. एके काळी हे शेतांमधलं गाव होतं. आता आसपास इंजिनीअरिंग आणि मेडिकलची कॉलेजं, मुलामुलींची वसतिगृहं, चहा-पोह्यांच्या गाड्या आणि नव्या वसाहती. घराच्या पुढच्या खोलीत मी वर्ग घेते. बारा खुर्च्या, एक फळा, भिंतीवर रशियाचा नकाशा आणि त्याच्या खाली, नकाशाच्या कडेला टेकून, काकांची वही. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

मराठी माणसाला भिलई फार परकी वाटायचं कारण नाही. 1956 पर्यंत भिलईचा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि इंग्रजांच्या आधी हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. रायपूर, दुर्ग, बिलासपूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. कारखाना आला तशी विदर्भातून आणखी माणसं आली. भिलईच्या कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झाला आणि चार वर्षं आणि दोन दिवसांनी, 4 फेब्रुवारी 1959 ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. इकडचं कोणी तिला झोतभट्टी म्हणत नाही. ती ब्लास्ट फर्नेस. दहा लाख टन पोलादाची पहिली योजना, मग पंचवीस लाख, मग चाळीस लाख. सोव्हिएत तज्ज्ञांचे प्रमुख वेनियामिन दिमशित्स यांचं नाव जुनी माणसं अजून आदराने घेतात. इकडची माणसं तिकडच्या कारखान्यांत शिकायला गेली, तिकडची माणसं कुटुंबांसह इकडे राहिली. 1972 साली सुरू झालेल्या प्राणिसंग्रहालयाचं नाव मैत्री बाग पडलं ते या मैत्रीमुळेच.

एवढ्या सगळ्या घडामोडीत मधे कोण होतं, तर दुभाषे. भट्टीसमोर दोन माणसं उभी आहेत, दोघांनाही लोखंड कळतं, पण एकमेकांचं बोलणं कळत नाही. त्यांच्या मधला तिसरा माणूस इतिहासात कुठे येत नाही. करारावर सह्या करणाऱ्यांची छायाचित्रं आहेत, भट्टीचं उद्‌घाटन करणाऱ्यांची आहेत. दुभाष्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं. मी भिलईत आले तेव्हा चाळीस लाख टनांच्या विस्ताराच्या निमित्ताने थोडंफार रशियन अजून गावात होतं. मला कागदपत्रांच्या भाषांतराची कामं मिळाली, संध्याकाळी काही अभियंते शिकायला यायचे. मग डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघच संपला. जाड कागदाची, स्वस्त, सुंदर चित्रांची पुस्तकं यायची थांबली. शिकणारे थांबले. जवळजवळ बारा वर्षं माझ्याकडे वर्षाला एखाद-दुसरा विद्यार्थी असायचा. मी शाळकरी मुलांच्या हिंदी-संस्कृतच्या शिकवण्या घेतल्या आणि रात्री स्वतःसाठी चेखव वाचला. ती वर्षं वाया गेली असं मी कधी मानलं नाही. चेखव मला त्या वर्षांतच कळला.

मग डॉक्टर व्हायला निघालेली मुलं आली.

रशियात जाऊन वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांत छत्तीसगढची आणि विदर्भाची मुलं बरीच आहेत. इथे सरकारी कॉलेजात जागा मिळत नाही, खाजगीचं शुल्क झेपत नाही, म्हणून बाप शेत विकतो किंवा कर्ज काढतो आणि अठरा वर्षांचं पोर वोल्गाकाठच्या एखाद्या गावी जातं. शिक्षण इंग्रजीतून असतं, पण वॉर्डातल्या खाटेवरचा रुग्ण रशियन बोलतो. तिसऱ्या वर्षापासून त्याच्याशी बोलावं लागतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनी तर ही गोष्ट आणखी पक्की केली: परदेशात किमान 54 महिन्यांचं शिक्षण आणि त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. म्हणजे वर्षभर रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत, रशियन रुग्णांमध्ये. आईबापांना हे माहीत नसतं. मुलांना पाठवणारे दलालही हे सांगत नाहीत. एका शिकवणी केंद्राने मला विचारलं होतं, तीस दिवसांत रशियन 'संपवून' द्याल का? मी नाही म्हटलं. भाषा तीस दिवसांत सुरू होऊ शकते, संपत नाही.

या मुलांना शिकवताना माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की त्यांना आडवी येते ती इंग्रजी. शाळेत बारा वर्षं इंग्रजी माध्यम, त्यामुळे परकी भाषा म्हटली की ती इंग्रजीच्या साच्यातूनच जाणार असं त्यांनी गृहीत धरलेलं. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे वाक्य ती इंग्रजी क्रियापद घेऊन जुळवायला जातात आणि अडकतात. मी सांगते, इंग्रजी बाहेर चपलांजवळ ठेवून या. रशियनमध्ये वाक्य आहे 'उ मिन्या येस्त क्नीगा'. माझ्याकडे आहे पुस्तक. शब्दाला शब्द, आपलंच वाक्य. 'म्न्ये होलदना', मला थंडी वाजतेय. 'म्न्ये न्रावित्सा', मला आवडतं. ज्याला थंडी वाजते, ज्याला आवडतं, तो आपल्याकडे चतुर्थीत 'मला' होऊन बसतो आणि तिकडेही. आपल्या मुलांनी शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलेलं असतं. घोडा, घोड्याने, घोड्याला म्हणताना 'घोडा'चं 'घोड्या' होतं हे त्यांच्या तोंडात बसलेलं असतं. रशियनच्या सहा विभक्त्या त्यांना ओझं वाटायला नकोत. 'सुरीने' म्हणायला तिकडे 'नझोम' म्हणतात, प्रत्यय शब्दाला चिकटलेला, वेगळं अव्यय नाही. हे दाखवलं की हिंदी मुलंही खुलतात, कारण त्यांच्या आजीच्या छत्तीसगढीत असं काही ना काही सापडतंच.

नावांची गंमतही अशीच. मराठी माणूस फॉर्म भरताना स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. रशियन नावातही हेच तीन भाग असतात. फरक एवढा की तिकडे वडिलांच्या नावासकट हाक मारतात. वयाने मोठ्या बाईला अन्ना इवानोवना म्हणायचं, इवानची मुलगी अन्ना. नुसतं अन्ना म्हटलं तर सलगी होते, आडनावाने हाक मारली तर कचेरीतला कारकून बोलल्यासारखं वाटतं. आणि 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक आपल्याइतकाच काटेकोर. मी मुलांना सांगते, रुग्ण कितीही गरीब असो, दारुडा असो, तुम्हीच म्हणायचं, आणि दोन्ही नावं घेऊन बोलायचं.

प्रवासाच्या क्रियापदांवर मात्र सगळेच अडतात. आपण 'जातो' म्हटलं की झालं. रशियनला आधी कळावं लागतं की पायी जाणार की वाहनाने, आणि फक्त जाणार की जाऊन परत येणार. जुनवानीहून सुपेल्याला रिक्षाने जाणं, पॉवर हाऊसला रोज जाऊन येणं, गल्लीतल्या दुकानापर्यंत चालत जाणं, अशी गावाचीच वाक्यं करून आम्ही महिनाभर ती घोटतो. पाऊस लागला की मी अफानासी निकितीनचा उतारा काढते. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला पोचला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. विकायला आणलेला त्याचा घोडा तिथल्या खानाने काढून घेतला आणि बऱ्याच मिनतवारीनंतर परत दिला. चार महिने पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. रेवदंड्याला त्याच्या नावाचा स्तंभ आहे. रशियन माणसाने आपल्या मुलखाबद्दल लिहिलेलं इतकं जुनं वाचताना मुलं माना वर करतात. त्यांना वाटत असतं, आपणच पहिल्यांदा चाललोय.

आता चूक सांगते. पहिल्या दोन-तीन तुकड्यांना मी व्याकरण पक्कं शिकवलं, शब्दसंग्रह शिकवला, दवाखान्यातली ठरावीक वाक्यं शिकवली. 'ना श्तो झालुयेतेस?' कशाची तक्रार आहे? कधीपासून? आधी कधी झालं होतं? मुलं परीक्षेत छान यायची. त्यांतल्या एकाचा तिसऱ्या वर्षी फोन आला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. म्हणाला, "मॅडम, विभक्त्या सगळ्या येतात. पण म्हातारी काय बोलते ते कळत नाही." वॉर्डात एका वृद्ध बाईची माहिती घ्यायला त्याला पाठवलं होतं. त्याने विचारलं, कुठे दुखतं? ती मुलाबद्दल बोलायला लागली, तो दूरच्या शहरात आहे, फोन करत नाही. त्याने परत विचारलं, कुठे दुखतं? ती बटाट्यांबद्दल बोलली, तळघरात ठेवलेले बटाटे कोण बघणार. अर्धा तास असं चाललं. तो कोरा कागद घेऊन परत आला. बोलता बोलता त्याचा आवाज ओला झाला. दोष माझा होता. मी त्याला प्रश्न शिकवले होते, उत्तर ऐकायला शिकवलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी वर्गाची मांडणी बदलली. पहिला बदल, दुखण्याचे शब्द. रशियन माणूस 'दुखतं' एवढं म्हणून थांबत नाही. त्याला 'नोयेत' होतं, म्हणजे ठणकत राहतं, 'कोलेत', टोचतं, 'झ्झ्योत', जळजळतं, 'दाव्हित', छातीवर दडपण येतं, 'स्त्रिल्याएत', गोळी सुटावी तशी चमक जाते. 'झ्नाबीत', हुडहुडी भरते. आणि 'लोमित'. याचं मूळ क्रियापद म्हणजे मोडणं. हाडं मोडतात, अंग मोडून येतं. इंग्रजी पुस्तकात या सगळ्यांच्या समोर दोन-तीन शब्द आलटून पालटून येतात. मराठीत मात्र प्रत्येकाला आपला स्वतंत्र शब्द आहे: सलतं, ठुसठुसतं, भणभणतं, कळ येते, मुरडा येतो, अंग मोडून येतं. मी मुलांना सांगते, घरी जा आणि आजीला विचारा, तिला काय काय होतं आणि ती ते कसं सांगते. ती सांगेल तसं लिहून आणा. मग त्या वहीवरून आम्ही रशियन शिकतो. एका मुलीने चौतीस शब्द आणले होते. ती म्हणाली, "आजी पहिल्यांदाच एवढं बोलली माझ्याशी."

दुसरा बदल, साहित्य. अभ्यासक्रमात पुश्किन, तोलस्तोय यांची नावं असतात, पण डॉक्टर होणाऱ्या मुलाला पुस्तकं वाचायला वेळ कुठे आहे, असं सगळे म्हणतात. पण चेखव स्वतः डॉक्टर होता. 1892 च्या कॉलऱ्याच्या साथीत त्याने मेलिखोवोभोवतीच्या गावांत फुकट काम केलं, त्याआधी 1890 मध्ये सखालीन बेटावरच्या कैद्यांची माहिती घ्यायला गेला. बुल्गाकोव्ह 1916 साली स्मोलेन्स्ककडच्या एका आडगावात एकटा डॉक्टर होता. रुग्णाजवळ बसणं म्हणजे काय, हे या माणसांना माहीत होतं. मी ठरवलं, कितीही घाई असो, चेखवची 'तस्का' ही कथा वाचल्याशिवाय कुणाला रशियाला जाऊ द्यायचं नाही.

कथा 1886 ची, चार-पाच पानांची. बर्फाची संध्याकाळ. इयोना पोतापोव्ह हा म्हातारा घोडागाडीवाला गिऱ्हाइकाची वाट बघत बसलाय. त्याचा तरुण मुलगा याच आठवड्यात वारला आहे. ते कुणाला तरी सांगावं, नीट, सावकाश सांगावं, एवढंच त्याला हवंय. पहिल्यांदा एक लष्करी अधिकारी गाडीत बसतो. इयोना मागे वळून सांगतो, माझा मुलगा गेला. अधिकारी विचारतो, कशाने? इयोना म्हणतो, ताप असेल, तीन दिवस इस्पितळात होता. मग कुणीतरी रस्त्यात आडवं येतं, गाडी वळवावी लागते, आणि अधिकारी डोळे मिटून घेतो. मग तीन टवाळ पोरं बसतात. मग एक दरवान भेटतो. रात्री मुक्कामाला एक तरुण गाडीवाला पाणी प्यायला उठतो आणि इयोना बोलेपर्यंत झोपी जातो. शेवटी इयोना तबेल्यात जातो आणि घोडीला सांगतो. घोडी चघळत ऐकते.

दरवर्षी मी इथे वर्गाला थांबवते. अधिकाऱ्याने प्रश्न तर बरोबर विचारला होता ना? कशाने गेला, हाच प्रश्न डॉक्टर विचारतो. उत्तरही मिळालं: ताप, तीन दिवस, इस्पितळ. कागदावर लिहायला पुरेसं. मग राहिलं काय? मुलं गप्प होतात. एकदा एका मुलाने कथेतच शोधून काढलं. इयोनाच्या मनात यादी आहे: मुलगा कसा आजारी पडला, त्याला काय त्रास झाला, मरताना काय म्हणाला, दफन कसं झालं, त्याचे कपडे आणायला इस्पितळात जाणं. आणि गावी राहिलेली मुलगी अनीस्या, तिच्याबद्दलही सांगायचंय. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हाच तर सगळा इतिहास आहे. फक्त याला विचारणारा मिळाला नाही." रुग्णाची माहिती घेणं शिकवायला यापेक्षा चांगलं पान मला अजून सापडलेलं नाही.

पण 'तस्का' या शब्दाला म्हणायचं काय? त्याच्यावर आमचे दोन-दोन तास गेलेत. दुःख म्हटलं तर फार मोठा आवाज होतो. उदासी म्हटलं तर हलकं पडतं. हुरहूर गोड आहे, तिच्यात वाट पाहणं आहे, आणि इयोनाकडे वाट पाहायला कुणी उरलेलं नाही. एका छत्तीसगढी मुलीने 'सुरता' सुचवला, तिच्याकडे तो आठवणीचा शब्द आहे. सुंदर शब्द, पण इयोनाला आठवण नाही, आठवणीला बाहेर पडायला वाट हवी आहे. कुणी 'घालमेल' म्हटलं, कुणी 'तगमग'. मी स्वतः 'काळजाला घरं पडणं' याच्याशी कित्येक वर्षं अडून बसले होते. माझं म्हणणं मी सोडलं ते काकांमुळे.

काका कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले, गोंदियाकडचे. सत्तरी उलटल्यावर माझ्या वर्गात येऊ लागले. त्यांनी गॉर्कीची 'आई' हिंदीत कितीतरी वेळा वाचली होती, एकदा मूळ रशियनमध्ये वाचायची होती. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण मला 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. अठरा वर्षांच्या मुलांच्या मधे बसायचे, गृहपाठ कधी चुकवला नाही. 'तस्का' वाचून झाली त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी एक वही घेऊन आले.

कारखान्यातली वही. सत्तरच्या दशकातली, कडा तेलाने काळ्या झालेल्या. रशियन शब्द देवनागरीत लिहिलेले आणि समोर हिंदी किंवा मराठी अर्थ. झडप, दाब, वायू, तापमान, सावकाश, थांब, मागे हो, धोका. काही शब्दांचे उच्चार चुकीचे, पण कारखान्यात चालून गेलेले. दीडशेच्या वर शब्द आणि सगळे कामाचे. मग वही उलटी करून मागच्या पानापासून लिहिलेलं थोडं: आई कशी आहे? पत्र आलं का? तुम्ही जेवलात का? झोप लागली का? मला वाईट वाटलं. चला, थोडं बसू.

मी विचारलं, ही वाक्यं कशी आली? काका म्हणाले, पाळीत त्यांच्याबरोबर एक सोव्हिएत तंत्रज्ञ असायचा. कुटुंब तिकडेच, हा इथे एकटा. एका रात्रपाळीत तो कामावर आला तो नेहमीसारखा नव्हता. दुभाष्याची पाळी नव्हती. त्याने खिशातून एक कागद काढून दाखवला, काकांना एक अक्षर कळलं नाही. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "मामा." काकांना 'मामा' म्हणजे आई एवढं माहीत होतं. त्याच्यापुढे एकही शब्द नव्हता. रात्रभर दोघं शेजारी शेजारी बसून काम करत राहिले. "दुसऱ्या दिवशी मी दुभाष्याकडे गेलो, बाई," काका म्हणाले. "म्हटलं, झडप-दाब पुरे. मला ही वाक्यं लिहून दे."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "तस्काला मराठीत शब्द शोधू नका. माझ्याकडे त्या रात्री शब्द असते तर बरं झालं असतं, पण त्याला हवा होता तो माणूस." त्या दिवसानंतर मी फळ्यावर 'तस्का' रशियनमध्येच लिहून ठेवते आणि खाली काही लिहीत नाही.

2022 च्या मार्चमध्ये एक मुलगी माझ्याकडे आली. ती माझी विद्यार्थिनी नव्हती. ती युक्रेनमधल्या खारकिव्हला वैद्यकीय शिक्षण घेत होती आणि युद्ध सुरू झाल्यावर परत आलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांपैकी एक होती. तिथल्या रुग्णांकडून तिने रशियन उचललं होतं, कारण त्या शहरात कितीतरी लोक घरात रशियनच बोलतात. आई तिला घेऊन आली होती, पुढे रशियात प्रवेश घ्यायचा का, हे विचारायला. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग माझ्याशी रशियनमध्ये बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. तळघर, सायरन, वसतिगृहाच्या राखणदार आजी, त्यांनी शेवटच्या दिवशी हातात दिलेली लोणच्याची बरणी. आईला एक शब्द कळत नव्हता, पण ती उठून स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली आणि मुद्दाम उशीर लावला. मी काही विचारलं नाही, फक्त ऐकलं. रशियात जायचं की नाही, हे मी तिला सांगितलं नाही; ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. पण ज्या भाषेतल्या लोकांनी तिच्यावर बॉम्ब टाकले त्याच भाषेतल्या एका म्हातारीने तिला लोणचं दिलं, आणि या दोन्ही गोष्टी तिला एकाच भाषेत सांगता येत होत्या. त्यानंतर मी 'आम्ही शत्रूची भाषा कशाला शिकायची' असं म्हणणाऱ्या एका पालकाशी वाद घातला नाही. त्यांना काकांच्या वहीचं मागचं पान दाखवलं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. गॉर्कीची 'आई' त्यांची अर्ध्यावर राहिली. जिथे थांबले तिथे बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं आहे. वही त्यांच्या मुलाने मला आणून दिली. तिची मागची चार पानं मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात उतरवून घ्यायला लावते. रात्री फोन करणारा तो मुलगा आता तिकडेच रुग्ण तपासतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा निरोप आला. एका वृद्ध रुग्णाला त्याने प्रश्न विचारायच्या आधी 'चला, थोडं बसू' म्हटलं आणि तो माणूस अर्धा तास बोलला. पंधरा मिनिटांनंतर कागदावर लिहायचं सगळं आपोआप मिळालं होतं.

माझं वय साठीपुढे गेलंय आणि या गावात अशा वह्या आणखी असणार याची मला खात्री आहे. भिलईच्या सेक्टरांमध्ये, रायपूर-दुर्गच्या जुन्या घरांमध्ये, निवृत्त होऊन नागपूर, गोंदिया, पुण्याला परतलेल्यांच्या माळ्यावर. दुभाष्यांचे शब्दकोश, पाळीच्या टिपणवह्या, मॉस्कोहून आलेली पत्रं, सोव्हिएत शेजाऱ्यांबरोबर काढलेले फोटो. घर आवरताना रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. वही असेल तर उलटी करून मागचं पानही बघा. नको असेल तर माझ्याकडे आणून द्या. जुनवानीत वर्ग शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी पाचला भरतो.